तीन इंचांवरचा टाका

मी, कौमुदी श्रीपतराव पोतनीस, वय सत्त्याहत्तर पूर्ण, मुलींच्या शाळेतून निवृत्त झालेली शिवणशिक्षिका, राहणार निजामपुरा, बडोदे, हे मृत्युपत्र माझ्या जेवणाच्या टेबलावर बसून माझ्याच अक्षरात लिहीत आहे. मला कोणी भरीस घातलेले नाही. भरीस पडण्याचा स्वभाव असता, तर जिच्यासाठी एवढे कागद काळे करते आहे ती वस्तू केव्हाच एखाद्या हॉटेलच्या हिरवळीवर जाऊन बसली असती. यापूर्वी मी मृत्युपत्र केलेले नाही, त्यामुळे रद्द करण्याजोगे काही नाही.

डोके ठिकाणावर असल्याचा दाखला सोबत जोडला आहे. डॉ. कुणाल यांनी काल मला वार, तारीख आणि शंभरातून सात गेले की किती उरतात ते विचारले. मी तिन्ही सांगितले आणि त्यांच्या शर्टाची काखेत उसवलेली शिवणही दाखवली. त्यांनी मुकाट्याने सही केली.

कलम १. घर. निजामपुऱ्यातले माझे राहते घर मी माझ्या पगारातून घेतलेले आहे, त्यात वडिलार्जित काही नाही. मी लग्न केले नाही, मला मूलबाळ नाही. हे घर सामानासकट माझा दिवंगत भाऊ रमाकांत याचा मुलगा उत्कर्ष याला द्यावे. उत्कर्षवर माझा राग आहे, तो पुढे येईल. पण मी आजारी असताना महिनाभर रोज सकाळी ऑफिसला जाण्याआधी येऊन दूध तापवून देणारा तोच होता, आणि राग व घर या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. मागच्या खोलीचे छत पावसाळ्यात गळते. मी ते मुद्दाम दुरुस्त केले नाही, त्यालाही काही काम हवे.

कलम २. शिवणाचे सामान. शिलाईचे मशीन उत्कर्षची बायको मैथिली हिला. ती ते वापरणार नाही, पण विकणारही नाही. माझी मोठी कात्री माझी जुनी विद्यार्थिनी कांचन हिला द्यायची होती. परंतु वकिलांचे म्हणणे पडले की ज्याला काही मिळायचे त्याने साक्षीदार होऊ नये, आणि मला साक्षीदार म्हणून कांचनच हवी होती. म्हणून कात्री मी तिला गेल्या दिवाळीतच देऊन टाकली.

याच कलमात माझ्या सर्व विद्यार्थिनींना उद्देशून एक दुरुस्ती नोंदवते. चाळीस वर्षे मी वर्गात सांगत आले की टाका जितका दाट तितकी शिवण पक्की. ते परकर-पोलक्यापुरते खरे आहे. सगळीकडे खरे नाही. अति तेथे माती, हे मला सत्तराव्या वर्षी कळले.

कलम ३. विमान. माझ्या मालकीचे एक विमान आहे. वाचणाऱ्याने हे वाक्य पुन्हा वाचू नये, बरोबरच वाचले आहे. ते टायगर मॉथ जातीचे, दोन मजली पंखांचे, दोन जणांचे, लाकडी सांगाड्यावर कापड चढवलेले विमान असून आज हरणीच्या विमानतळावर भाड्याच्या हँगरमध्ये उभे आहे. त्याचे सर्व कागद माझ्या कपाटात वरच्या कप्प्यात, नऊवारीच्या घडीखाली आहेत.

हे विमान महायुद्धाच्या काळात विलायतेत तयार झाले आणि पेट्यांत भरून बोटीने आपल्याकडे आले. त्यावर किती पोरांनी उडायला शिकून घेतले त्याची गणती नाही. त्याच्या पहिल्या वहीत नुसती आडनावे आहेत आणि पुढे मिनिटे. काही आडनावे आठ-दहा वेळा येतात आणि मग एकाएकी येत नाहीत. युद्ध संपल्यावर सरकारने अशी विमाने मोडीत काढली, तेव्हा बडोद्याच्या विमानप्रेमी मंडळींच्या एका क्लबाने हे घेतले. त्या क्लबात माझे वडील श्रीपतराव मेकॅनिक होते. आमचे पणजोबा संस्थानच्या खजिन्यात आणि आजोबा कचेरीत. पोतनिसांच्या घरात तेलाने काळे झालेले हात घेऊन जेवायला बसणारे बाबा पहिलेच. आजोबा त्यांच्याशी त्या कारणाने चार वर्षे बोलले नव्हते.

बाबांची खरी कला पंखाची. अशा विमानाचा पंख म्हणजे आतल्या लाकडी बरगड्या आणि त्यावर दोन्ही बाजूंनी ताणलेले मादरपाट. हे कापड प्रत्येक बरगडीला मेण लावलेल्या दोऱ्याने शिवावे लागते, नाहीतर हवेत ते फुगून वर येते. शिवताना पंख घोडीवर उभा करतात. एक माणूस अलीकडे, दुसरा पलीकडे. हातभर लांबीची सुई अलीकडून आत जाते, पलीकडचा ती ओढतो आणि परत देतो. मध्ये पंख असतो, त्यामुळे दोघांना एकमेकांचे तोंड दिसत नाही. म्हणून बाबांची पद्धत अशी होती, की सुई देणाऱ्याने "घे" म्हणायचे आणि हातात आल्यावर पलीकडच्याने "घेतली" म्हणायचे. त्याशिवाय सोडायची नाही. रविवारी आणि शाळा सुटल्यावर पलीकडे मी असायचे. दिवसभरात आम्ही दोघे हे दोनच शब्द शेकडो वेळा बोलायचो, आणि माझ्या लहानपणी माझ्याशी सगळ्यात जास्त बोललेला माणूस कोण असे कोणी विचारले तर मी बाबांचेच नाव सांगेन.

टाका तीन इंचांवर एक. त्यासाठी बाबांनी बांबूची एक पट्टी तासली होती. त्यांचे दोन नियम होते. पट्टी न लावता टाका नाही, आणि पलीकडे कोणी नसताना सुई नाही.

कलम ४. जुना हिशेब. अठ्ठावन्न साली क्लबाचे सेक्रेटरी मानसिंगराव धुमाळ हे स्वतः हे विमान उडवीत असताना उजव्या खालच्या पंखाचे कापड हवेत फाटले. ते उत्तम वैमानिक होते, म्हणून हरणीच्या पुढे एका कापणी झालेल्या बाजरीच्या शेतात त्यांनी विमान उतरवले. चाके मोडली, त्यांना खरचटले, बाकी काही नाही. चौकशी झाली. शिवण कोणाची, असे विचारल्यावर बाबा म्हणाले, माझी. त्यांना कामावरून काढले, कागदावर मानसिंगरावांची सही होती.

त्यानंतर बाबांनी रावपुऱ्यात शिलाई मशीन दुरुस्तीचे दुकान घातले. दुकानावरून विमान गेले की सगळा रस्ता वर बघायचा, बाबा स्क्रू पिळत राहायचे. एक्क्याऐंशी साली ते गेले, तोवर त्यांना वर पाहताना मी पाहिले नाही. विमानाच्या कागदांत मात्र दोष म्हणून त्यांचेच नाव राहिले. मला ते सहन होत नव्हते. मी पलीकडच्या बाजूला उभी होते, त्यांचा एकेक टाका माझ्या हातून गेला होता, तो सुटणे शक्य नाही हे मला ठाऊक होते.

मानसिंगरावांशी मी वैर धरले. चौऱ्याऐंशी साली एका लग्नात ते आमच्या पंगतीत येऊन बसले. मी पानावरून उठले आणि चारचौघांत म्हणाले, "माझ्या बाबांच्या पोटावर पाय देणाऱ्याच्या पंगतीला मी बसत नाही." मानसिंगराव उठून उभे राहिले, त्यांनी हात जोडले. "तुमचं बरोबर आहे, ताई," एवढेच म्हणून ते न जेवता निघून गेले. मला फार समाधान वाटले होते. ते वाक्य मी पुढे कितीतरी वर्षे मैत्रिणींना ऐकवत असे.

कलम ५. विमान माझ्याकडे कसे आले. मोडके विमान क्लबाने विकून टाकले होते. ते करजणच्या एका जिनिंगवाल्याने हौसेने घेतले, आणि हौस फिटल्यावर पोटमाळ्यावर टाकले. निवृत्तीनंतर बऱ्याच वर्षांनी मला हा पत्ता लागला. मी गेले. सरकीच्या धुळीत चारही पंख भिंतीला टेकवून उभे होते. उजव्या खालच्या पंखाला चीर तशीच होती, बाकीचे कापड जागच्या जागी. मी त्यावरून हात फिरवला आणि माझ्या नाकात एकदम डोपचा वास आला. डोप म्हणजे कापड ताठ करायला लावतात ते रोगण, वास नखांना लावायच्या रंगासारखा. साठ वर्षांत तिथे वास कसा उरेल? पण मला आला.

मी विमान विकत घेतले. कशासाठी, ते स्पष्ट लिहिते. मला तो पंख उघडून बाबांचे टाके शाबूत आहेत हे जगाला दाखवायचे होते आणि ते विमान पुन्हा उडवायचे होते, म्हणजे कागदावरचा दोष खोटा ठरला असता. नातेवाईक म्हणाले, म्हातारीला चळ लागला. उत्कर्ष म्हणाला, "आत्या, लोक या वयात काशीला जातात." मी म्हटले, मी हरणीला जाते.

गोरव्याला भीखाभाई सुथार यांची शेड आहे. ते गिरण्यांसाठी लाकडी साचे करत. विमान त्यांनी जवळून कधी पाहिलेले नव्हते, पण लाकूड त्यांच्याशी खोटे बोलत नाही. त्यांनी फाटलेल्या बरगडीवरची, टाके झाकणारी कापडी पट्टी हळूच सोलली आणि भिंग लावून बराच वेळ पाहत राहिले. बाबांचे टाके, मेणाच्या दोऱ्याचे, तीन-तीन इंचांवर, एकूण एक शाबूत. आणि प्रत्येक दोन टाक्यांच्या मध्ये पाच-पाच बारीक टाके, निळ्या दोऱ्याचे.

तो निळा दोरा माझ्या शाळेच्या शिवणाच्या डबीतला होता.

मी ते विसरले नव्हते. उलट आयुष्यभर मनात जपले होते. त्या संध्याकाळी बाबांना कोणीतरी मैदानावर इंजिन बघायला बोलावले, ते दीड तास आले नाहीत. शाळेत आम्हाला नुकताच दाट टाका शिकवला होता आणि माझ्या रुमालाला पहिला नंबर मिळाला होता. बाबांचे टाके मला फारच विरळ वाटले. त्यांचे काम आणखी पक्के करावे म्हणून मी अलीकडून सुई घालत होते, धावत पलीकडे जाऊन ओढत होते, पुन्हा धावत अलीकडे येत होते. एक अख्खी बरगडी मी अशी केली आणि वर कापडी पट्टी चिकटवली, ते काम माझेच असायचे. बाबा आले, त्यांनी पट्टीवर डोप मारला. विमान खाली आले तेव्हा माझी समजूत अशी की माझे टाके होते म्हणून थोडक्यात निभावले, नाहीतर अख्खे कापड गेले असते.

भीखाभाईंना यातले काही माहीत नव्हते. ते सहज म्हणाले, "जुओ बेन, टिकट फाडीए एम फाट्युं छे. काणां बहु पासे पासे छे. आ कोई छोकरानुं काम छे." भोके फार जवळजवळ आहेत, कोणा पोराचे हे काम, असे त्यांचे म्हणणे. पोस्टाचे तिकीट भोकांच्या रेघेवर फाटते तसे ते कापड माझ्या टाक्यांच्या रेघेवर सरळ फाटले होते, हे माझ्या डोळ्यांसमोर होते.

मी घरी आले. चोर सोडून संन्याशाला सुळी असे मी साठ वर्षे म्हणत होते, तो चोर मीच. चार महिने मी शेडकडे फिरकले नाही, आणि घरात सुईही हातात धरली नाही. उत्कर्षच्या शर्टाची बटणे मैथिलीने शिंप्याकडे पाठवली.

कलम ६. धुमाळांचे घर. शेवटी एका सकाळी मी मानसिंगरावांच्या घरी गेले. ते जाऊन अकरा वर्षे झाली होती, हे मला माहीत होते. पण माफी मागायची तर निदान उंबऱ्यावर तरी मागावी. दार त्यांच्या नातीने उघडले. अवंती धुमाळ, पेशाने वैमानिक, सुट्टीवर आलेली. मी उभ्या उभ्या सगळे सांगितले. ती आत गेली आणि कापडी पुठ्ठ्याची एक वही घेऊन आली. म्हणाली, आजोबांनी सांगून ठेवले होते की पोतनीसबाई आपणहून पंखाबद्दल बोलायला आल्या तरच ही द्यायची, नाहीतर माझ्यामागे जाळून टाकायची.

"मग जाळली का नाहीस?" मी विचारले.

"मी पायलट आहे, आजी. विमानाची वही जाळत नाही."

ती विमानाच्या दुरुस्तीची वही होती. शेवटच्या लिहिलेल्या पानावर बाबांचे अक्षर. ते जसेच्या तसे उतरवते: "उजवा खालचा पंख, तिसरी बरगडी. जादा टाके आढळले. मुलीने कौतुकाने घातले. तिला हे कधी कळू नये, कळल्यास पुन्हा सुई धरणार नाही. जबाबदारी माझी. श्री. पोतनीस." त्याखाली वेगळ्या शाईत: "वाचले. शब्द दिला. मा. धुमाळ."

ज्या माणसाला मी भरल्या पंगतीतून उठवले, तो माझेच नाव पोटात ठेवून हात जोडून उभा होता. मी धुमाळांच्या सोफ्यावर बसून मोठ्याने रडले, आणि त्याची मला लाज वाटत नाही. अवंतीने पाणी आणले. मी ते प्यायले. त्या घरचे पाणी मी कधी पिणार नाही असे बोलले होते, तो शब्द तेवढा मोडला.

तरीसुद्धा एक गोष्ट मी इथे ठासून लिहिते, कारण मृत्युपत्रात खोटा विनय नको. माझे म्हणणे खरे ठरले. दोष बाबांचा नव्हता. साठ वर्षे मी हेच सांगत होते. फक्त कोणाचा होता ते सांगायला मला साठ वर्षे लागली. आणि बाबांनी ज्या गोष्टीसाठी नोकरी दिली ती त्यांना मिळाली. मी सुई सोडली नाही, चाळीस वर्षे पोरींच्या हातात दिली.

कलम ७. पंख पुन्हा कसे शिवले. अवंतीने त्याच दिवशी विचारले, पलीकडच्या बाजूला कोण उभे राहते? मी म्हटले, अजून कोणी नाही. पुढची पाच वर्षे ती प्रत्येक सुट्टीत गोरव्याला आली. भीखाभाईंनी मोडक्या बरगड्या नव्या केल्या, इंजिनाचे सुटे भाग कुठून कुठून आले, नवे मादरपाट आम्ही ताणले. पहिल्याच बरगडीवर माझा हात सवयीने इंचावर टाका घालू लागला. जित्याची खोड. अवंती पलीकडून म्हणाली, "आजी, पट्टी." मी उसवले आणि बाबांची बांबूची पट्टी लावली. त्यानंतर चारही पंखांवर एक टाका इकडचा तिकडे झाला नाही. विमान खात्याचा तपासनीस आला, त्याने मोजपट्टी घेऊन मुद्दाम आठ-दहा ठिकाणी मोजले. सगळीकडे तीन इंच. आयुष्यभर मी मुलींच्या शिवणी तपासल्या, त्या दिवशी माझी कोणीतरी तपासली आणि मी पास झाले.

याच काळात उत्कर्षने करजणच्या रस्त्यावरच्या एका रिसॉर्टचा मॅनेजर शेडवर आणला. विमान हिरवळीवर ठेवायचे, पंखांखाली टेबले मांडायची, संध्याकाळी रोषणाई करायची असा बेत. "आत्या, एकदम झक्कास दिसेल, लोक फोटो काढतील," असे तो म्हणाला. तो मॅनेजर पंखावर हात टेकून उभा होता. मी त्याला चहा न देता बाहेर काढले, आणि उत्कर्षला चहा देऊन. हाच तो कलम एकमधला राग.

कलम ८. उड्डाण. फेब्रुवारी दोन हजार तेवीस, सकाळचे साडेआठ. हरणीला बातमी कशी पसरली कोण जाणे, पण दोन-अडीचशे माणसे आली. निम्मी पांढऱ्या केसांची. एक गृहस्थ नडियादहून आले होते, ते नुसते विमानाच्या नाकाशी उभे राहून वास घेत होते. एका आजोबांनी पंखावर बोटांनी टिचकी मारली. घट्ट कापडाचा ढोलकीसारखा आवाज आला, तसे ते मागे वळून कोणाला तरी हाक मारू लागले आणि मग गप्प झाले, हाक मारायचे ते माणूस आता नसावे. जुने विमान बघायला आलेले लोक विमान कमी बघतात, आपले तेव्हाचे वय जास्त बघतात. शिवाय नवी विमाने काचेपलीकडून दिसतात, याला हात लावता येतो. मी कोणालाही हात लावू नका म्हटले नाही.

मला पुढच्या जागेवर बसवले, या विमानात उतारू पुढे आणि वैमानिक मागे. भीखाभाईंनी पंखा फिरवला. दुसऱ्या फेरीत इंजिन लागले. चाकांखालची जमीन खडबडीत होती, मग गुळगुळीत झाली, मग नव्हती.

मी पंचाहत्तर वर्षांची होते आणि उडत होते. खाली विश्वामित्री, मग कमाटीबागेची झाडे, मग सुरसागर, आणि मग रावपुरा. बाबांच्या दुकानाची गल्ली मला वरून ओळखू आली. तिथून त्यांनी कधी वर पाहिले नाही. मी मात्र वरून खाली पोट भरेपर्यंत पाहिले.

दोन जागांमध्ये बोलायला रबरी नळी असते. तीत अवंतीचा आवाज आला, "आजी, उजवीकडचा खालचा पंख बघा." मी पाहिले. तिसरी बरगडी. वारा त्या कापडावर आपटत होता आणि कापड हलतसुद्धा नव्हते. पट्टीखाली टाक्यांच्या गाठी ओळीने उठून दिसत होत्या, हव्या तेवढ्याच अंतरावर. मी नळीत तोंड घालून ओरडले, "तीन इंच!" अवंतीला वाटले मी घाबरले, तिने विचारले, परत फिरायचे का? मी म्हटले, अजून एक फेरी मार.

उतरल्यावर सगळ्यांच्या पुढे धावत येणारा उत्कर्ष होता, ऑफिसच्या बुटांवर धूळ घेत. तो एवढेच म्हणाला, "आत्या, हे हिरवळीवर नाही ठेवायचं." म्हणून घर त्याला आहे.

कलम ९. विमान कोणाला. वरील विमान, त्याचे सर्व कागद, दुरुस्तीच्या जुन्या-नव्या वह्या आणि बांबूची पट्टी यांसह, मी मानसिंगराव धुमाळ यांची नात अवंती हिला पूर्ण मालकीने देत आहे. पोतनिसांची वस्तू धुमाळांकडे का, असे कोणी विचारल्यास त्याला हे मृत्युपत्र पहिल्यापासून वाचायला द्यावे. बँकेतल्या माझ्या ठेवी व पेन्शनचे उरलेसुरले विमानाच्या कापडाला, पेट्रोलला आणि हँगरला लावावे. बाबांची हत्यारांची पेटी भीखाभाई सुथार यांना.

विमान वर्षातून निदान दोनदा उडवावे. ते टांगून, मांडून किंवा रोषणाई करून ठेवू नये. शाळेतल्या मुलींना दाखवावे आणि त्यांना हात लावू द्यावा.

कलम १०. व्यवस्थापक. या मृत्युपत्राचा व्यवस्थापक म्हणून मी उत्कर्षला नेमते. विमानाचे भाडे, विमा, परवाना या सगळ्यासाठी त्याला वारंवार हरणीला जावे लागेल. तोच उद्देश आहे.

कलम ११. दोषाची नोंद. विमानाच्या नव्या वहीचे पहिले पान मी स्वतः लिहिले आहे: "सन १९५८, उजवा खालचा पंख. जादा टाके कौमुदी पोतनीस, वय ११, हिचे. श्रीपतराव पोतनीस यांचे सर्व टाके शाबूत." हे पान कोणी माझ्यावरच्या प्रेमापोटी फाडू नये. घरात अशा प्रेमाचा एक नमुना होऊन गेला, तेवढा पुरे.

कलम १२. माझी रक्षा विमानातून उधळू नये. कापडाला डाग पडतात. विश्वामित्रीत सोडावी, ती वरून दिसते.

कलम १३. सुई. दहा-बारा वर्षांनी पंखांचे कापड पुन्हा बदलावे लागेल, तेव्हा मी नसेन. त्या वेळी टाका तीन इंचांवरच घालावा, पट्टी लावून. पलीकडे माणूस असल्याशिवाय सुई आत घालू नये, आणि "घेतली" असे ऐकू आल्याशिवाय ती सोडू नये. अकराव्या वर्षी मी मोडलेला नियम हाच.

बाबांची लांब सुई मी मृत्युपत्राने देत नाही. मेल्यावर देण्यात मला काय कळणार? ती मी आज, सर्वांसमक्ष, हातात देत आहे. अवंती साक्षीदार होऊ शकत नाही, तरी ती इथे टेबलाच्या पलीकडे बसली आहे. सुईची पोच तिने खाली लिहावी.

घे, अवंती.

वरील सर्व मजकूर मी लिहिला, वाचला, आणि चष्मा पुसून पुन्हा वाचला. त्यातले एक अक्षरही मला बदलावेसे वाटले नाही. म्हणून सही करते.

(सही) कौमुदी श्रीपतराव पोतनीस

आमच्या दोघांच्या समक्ष श्रीमती पोतनीस यांनी सही केली व त्यांच्या समक्ष आम्ही केली:

१. (सही) डॉ. कुणाल, निजामपुरा, बडोदे
२. (सही) कांचन, शिवणकाम, निजामपुरा, बडोदे

स्थळ: बडोदे
दिनांक: ९ फेब्रुवारी २०२५

सुईची पोच:

घेतली.

(सही) अवंती धुमाळ